पन्नास की अडीचशे?

मी डीएसएलआर घेतला तेव्हा त्याचे दिवस भरत आले होते. हे मत माझं नाही, माझ्या रूममेटचं. तो म्हणाला, "अबे, लोक मिररलेस घ्यायलेत आणि तू आरसा असलेला कॅमेरा घ्यायलास? दाढी करायची आहे का?" पूर्ण विंग हसली. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना मिररलेस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर हसायला माहिती लागत नाही.

तसं त्याचं चुकीचं नव्हतं. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ सालीच आपापले नवे मिररलेस माउंट आणले. निकॉनचा डी ६ आणि कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री हे २०२० सालचे, आणि त्यांच्यानंतर या दोन कंपन्यांचा त्या दर्जाचा डीएसएलआर आलेला नाही. पण मित्रांनो, एखाद्या गोष्टीचे दिवस भरत आले की ती आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये येते, हेही तितकंच खरं! लग्नाचे फोटोग्राफर लोक धडाधड मिररलेसवर चालले होते आणि त्यांचे जुने कॅमेरे बाजारात येत होते. माझ्याकडे अडतीस हजार रुपये होते. सिडकोत आठवी ते दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन दोन वर्षांत साठवलेले.

कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं ते सेकंड इयरला. दसऱ्याला गुरुद्वाराची हल्ल्याची मिरवणूक निघते, निहंगांचे घोडे सुटतात, ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. त्या मिरवणुकीतला एका सिनिअरने काढलेला फोटो मी पाहिला. घोड्याचे चारी पाय जमिनीच्या वर, धुळीचा कण अन् कण सुटा, आणि स्वाराच्या निळ्या पगडीवरचं चक्र लखलखतंय. त्याच दिवशी, त्याच गर्दीत, मीही माझ्या मोबाईलवर फोटो काढले होते. माझ्या फोटोत घोडा म्हणजे एक तपकिरी ढग होता. सिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, "५५-२५० लेन्स, शटर हजारावा भाग." मला त्यातलं फक्त 'अडीचशे' कळलं. पण ते असं कळलं की पुढचं वर्षभर मी तेच जपत होतो.

घरी सांगितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. आमचं घर अहमदपूर तालुक्यातलं, शेती कोरडवाहू. २०२४ सालच्या दिवाळीची गोष्ट आहे. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागत होतं. अशा वेळी पोरगा अडतीस हजारांचा कॅमेरा घेतो म्हणतो. पैसे माझे होते हे खरं, पण घरात एकाचे पैसे आणि दुसऱ्याचे पैसे असं काही नसतं हेही खरं. बाबांनी रात्री जेवताना एवढंच विचारलं, "त्याच्यात पैसे सुटतात का?" मी म्हटलं, "सुटतात, गॅदरिंगचे, स्पोर्ट्सचे फोटो काढता येतात." हे मी तेव्हा बेधडक सांगितलं. पुढे याच वाक्याने माझा गळा धरला.

मग सुरू झाला अभ्यास. एवढा अभ्यास कंट्रोल सिस्टिमचा केला असता तर तो विषय राहिला नसता! आधी मी निकॉनचा डी ३५०० जवळजवळ पक्का केला होता. हलका, चांगला, जुना मिळतो. शिवाय निकॉनची जुन्या पद्धतीची ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स एका ठिकाणी अगदी स्वस्तात मिळत होती. मी पैसे पाठवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात तो घोडेवाला सिनिअर मेसमध्ये भेटला. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याने भाजीत पोळी बुडवत विचारलं, "बॉडीत मोटर आहे का?"

मला वाटलं, तो गाडीबद्दल विचारतोय.

भानगड अशी आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा. ऑटोफोकस आला तेव्हा त्यांनी तोच माउंट चालू ठेवला आणि मोटर बॉडीत बसवली. बॉडीतून एक स्क्रूड्रायव्हरसारखं टोक बाहेर येतं आणि लेन्सचा गिअर फिरवतं. पुढे मोटर लेन्समध्ये आली, आणि स्वस्त बॉडीतून, म्हणजे तीन हजार आणि पाच हजारच्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांतून, आतली मोटर काढून टाकली. त्यामुळे जुनी डी लेन्स डी ३५०० वर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. कॅननने १९८७ साली वेगळा रस्ता धरला. जुना माउंट सरळ सोडून दिला, जुन्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि नव्या ईएफ माउंटमध्ये मोटर प्रत्येक लेन्समध्येच ठेवली. त्यामुळे तेव्हाची ऑटोफोकसची ईएफ लेन्स आजही त्यांच्या डीएसएलआरवर फोकस करते. एकाने जुनं धरून ठेवलं, दुसऱ्याने एकदाच तोडलं. दोन्ही इंजिनिअरिंगचेच निर्णय. निकॉनवाल्याने मोटरची लेन्स घेतली की काहीच अडचण नाही, पण माझ्या खिशाला तेवढ्यापुरतं कॅननचं बरं वाटलं.

कॅमेरा शेवटी लातूरला मिळाला. गंजगोलाईत सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या योग्य रस्त्यावर शिरायला मला तीन प्रयत्न लागले. कॅमेरा विकणारा लग्नाचे फोटो काढणारा माणूस होता. कॅनन २०० डी, २०१७ चं मॉडेल, २४.२ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ लेन्स, सव्वीस हजार. मी घरून यादी करून नेली होती. पांढऱ्या भिंतीचा एफ २२ वर फोटो काढला. सेन्सरवर धूळ असली की त्यात काळे ठिपके दिसतात. दोन दिसले. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून बुरशीचे धागे आहेत का पाहिलं. नव्हते. स्क्रीन उघडून, फिरवून, मिटून पाहिली. तो माणूस शांतपणे सगळं बघत होता. शेवटी म्हणाला, "पोरगी बघायला आल्यावानी बघायलास गा."

मुठीच्या रबराच्या बारीक खाचांत पिवळं काहीतरी होतं. मी नखाने खरवडलं. हळद! किती लग्नांतल्या हळदी त्या कॅमेऱ्याने पाहिल्या असतील कोणास ठाऊक. ती हळद अजूनही पूर्ण निघालेली नाही, आणि आता मी ती काढतही नाही.

आता उरले बारा हजार. जुनी ५५-२५० साडेआठ-नऊ हजारांत मिळत होती. बॅग आणि मेमरी कार्ड घेऊन हिशेब बरोबर बसत होता. त्यात सिनिअरने सांगितलं होतं, "जानेवारीत स्पोर्ट्स आहेत. लांबची लेन्स असेल तर ये माझ्यासोबत, तीन हजार तुझे." म्हणजे बाबांना दिलेला शब्दही खरा होणार. सगळं जुळून आलं होतं.

पण आलोच आहे लातूरला, तर आजीकडे जाऊन यावं म्हणून औशाच्या गाडीत बसलो.

आजी म्हणजे आईची आई. तिचं गाव किल्लारीजवळ. तिकडच्या गावांबद्दल बोलताना 'नवं गाव' आणि 'जुनं गाव' असे शब्द वापरावे लागतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. घरं दगडमातीची, रुंद भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. आजोबा त्याच रात्री गेले. आई तेव्हा अकरा वर्षांची होती, मामा चौदा.

हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं इतिहासातलं सन माहीत असतं. आजोबांचा फोटो घरात नाही हेही माहीत होतं. एकच होता, काचेच्या चौकटीतला, तो त्याच मातीत गेला. पण त्याचा अर्थ काय हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी कॅमेरा बाहेर काढला आणि आजी म्हणाली, "मला कशाला काढायलास गा? भितीला लावायची घाई झाली का?"

मी हसलो. मामा हसला नाही. तो म्हणाला, "काढ रे. तुझ्या आईला बाबाचं तोंड आठवत नाही. टोपी आठवते, आवाज आठवतो, तोंड नाही. मला तेवढं आठवतं, पण दरवर्षी जरा कमी."

मी चाळीस-पन्नास फोटो काढले. रात्री मामाच्या घरी त्या छोट्या स्क्रीनवर मोठे करून पाहिले. एकही धड नव्हता! कारण सांगतो. आजीची मान हलते. वयाने असेल, त्या रात्रीने असेल, डॉक्टर वेगवेगळं सांगतात. दिवसभर तिची मान 'नाही, नाही' म्हणत असते. १८-५५ लेन्स ५० च्या आसपास नेली की तिचं भोक एफ ५.६ च्या वर उघडत नाही. पुनर्वसनातल्या त्या खोलीत एकच खिडकी आणि एक ट्यूब. आयएसओ १६०० ला शटर मिळत होतं सेकंदाचा दहावा भाग. लेन्समध्ये हात स्थिर करायची सोय आहे, इमेज स्टॅबिलायझर. ती माझ्या हाताची थरथर पुसते, आजीच्या मानेची नाही. त्यामुळे मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट स्पष्ट, आणि आजीच्या जागी धुकं. आयएसओ ६४०० ला नेला तर चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखे दाणे. फ्लॅश मारला तर तिने डोळे गच्च मिटले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला उजेड सोसत नाही.

परतीच्या एसटीत मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग. ९.६८. म्हणजे एफ १.८ ची लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दहाव्या भागाचं शटर शंभराव्या भागावर येतं. शंभराव्या भागात मान फारशी हलत नाही. मग खोली मोजली, मनातल्या मनात. सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. ५० ची लेन्स लावून दोन मीटरवरून कॅमेरा उभा धरला तर सुमारे नव्वद सेंटीमीटर उंच आणि साठ सेंटीमीटर रुंद एवढा भाग येतो. बसलेलं माणूस, डोक्याच्या पदरापासून मांडीवरच्या हातांपर्यंत. खोली दहा फुटांची. बसतं! एफ १.८ मध्ये आपल्याला परवडणारी हीच एक, ५० मिमी एसटीएम, नवी साडेनऊ हजारांच्या आसपास.

गणिताचं उत्तर शिरूर ताजबंदच्या आधीच आलं होतं. पण उत्तर आलं म्हणून मन ऐकतं असं नाही. पन्नास घेतली तर अडीचशे नाही. घोडे नाहीत, विष्णुपुरी धरणावरचे पाणकावळे नाहीत, स्पोर्ट्सचे तीन हजार नाहीत. आणि बाबांना काय सांगू? खरं सांगायचं तर दोन दिवस मी असाही विचार केला की आजी कुठे पळून चाललीय, आधी अडीचशे घेऊ, तीन हजार मिळवू, उन्हाळ्यात पन्नास घेऊ. हिशेबाने हेच शहाणपणाचं होतं. मग मनात आलं की हेच वाक्य तेव्हा गावातल्या कितीतरी लोकांनी फोटोबद्दल म्हटलं असेल. पुढच्या दिवाळीला काढू.

मी पन्नास मागवली. सिनिअरला सांगितलं तर म्हणाला, "तुझी मर्जी." त्याने दुसऱ्या पोराला नेलं. बाबांना फोनवर सांगितलं की पैसे सुटायला वेळ लागेल. ते म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने, "आजीची तब्येत कशी आहे?" मामाने त्यांना सांगितलं होतं की काय, मला अजून माहीत नाही.

लेन्स आली आणि पहिल्याच दिवशी तिने माझी जिरवली. रूममेटला खुर्चीत बसवून एक मीटरवरून एफ १.८ वर फोटो काढला. एक डोळा एवढा स्पष्ट की पापणीचे केस मोजावेत, दुसरा डोळा पाण्यात बुडाल्यासारखा. रूममेट म्हणाला, "मला काय शंकराचा अवतार केलास का, एकच डोळा उघडा?" (शंकराला तीन असतात, पण त्याचा पुराणाचा अभ्यासही बॅकलॉगमध्येच आहे.) पुन्हा वही काढली. एक मीटरवर एफ १.८ ला स्पष्ट पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरचा. दोन मीटरवर तोच अकरा. एफ २.८ केलं तर सतरा. म्हणजे लेन्स पूर्ण उघडता येते म्हणून नेहमी पूर्णच उघडायची असं नाही. स्कूटरला साठचा स्पीड आहे म्हणून कोणी बोळात साठने जात नाही. तीन आठवडे मी अख्ख्या विंगचे फोटो काढले. मेसच्या मावशींचेही काढले, त्यांनी एक पोळी जास्त वाढली. ही त्या कॅमेऱ्याची पहिली कमाई.

जानेवारीत, इकडे स्पोर्ट्स चालू असताना, मी आजीकडे गेलो. या वेळी तिला खोलीत बसवलंच नाही. तिला तुरी पाखडायच्या होत्या, ती आपणहून सूप घेऊन दारात बसली. दारातला उजेड! मागच्या वेळी मी ट्यूबखाली झगडत होतो आणि उजेड दारात येऊन बसला होता. मी आत दोन मीटरवर भिंतीला टेकून बसलो. एफ २.८, आयएसओ ८००, शटर दोनशेवा भाग. मामा तिला जुन्या गोष्टी विचारत होता. आजोबांना म्हैस विकायला पाठवलं तर ते दुसरी म्हैस घेऊन आले, ही गोष्ट निघाली. आजी हसली. पदर तोंडाला लावायच्या आत हसली. खटाक!

तिला लगेच स्क्रीनवर दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. मान हलतच होती, फोटोतली मात्र स्थिर. म्हणाली, "दात किती राहिलेत बघ की." आणि मग, "ह्यो थोरला करून आण. तुझ्या आईला दे. मला नको."

कॅमेरा बॅगेत घालत होतो तेवढ्यात म्हणाली, "जुन्या गावाचा निघतो का ह्याच्यात?"

मी, मामा आणि आजी मामाच्या मोटरसायकलवर तिघं बसून गेलो. जुन्या गावाच्या जागेवर आता बाभळी आहेत, दगडांचे ढीग आहेत, मधूनमधून एखादा ओटा. मी सवयीने पन्नास लावूनच उतरलो होतो. डोळ्याला लावलं तर चार दगड आणि अर्धी बाभूळ, एवढंच मावत होतं. मागे सरकत सरकत काट्यात गेलो. मग बॅगेतली ती १८-५५ काढली. कॅमेऱ्याबरोबर आली म्हणून ठेवलेली, तीन आठवडे हातही न लावलेली. १८ वर केली आणि सगळं आत आलं. ढीग, बाभळी, पलीकडची विहीर, वर पांढरं आभाळ.

आजी दगडांतून पुढे गेली. तिला रस्ता विचारावा लागला नाही. एका जागी थांबली, काठीने जमिनीवर आडवी रेघ ओढली. "हितं दार व्हतं." चार पावलं उजवीकडे. "हितं चूल." मग परत रेघेपाशी आली, पदर सारखा केला आणि रेघेच्या आतल्या बाजूला, दारात उभं राहतात तशी, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"काढ," म्हणाली.